आई परत आली, आता तिला बसवायचं कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या कादंबरीत ठाण्यातल्या एका घरात बारा वर्षांपूर्वी वारलेली आई पावसाळ्यातल्या एका रात्री दारात येऊन उभी राहते. त्याच आठवड्यात शहरातल्या आणखी काही घरांतही गेलेली माणसं परततात. नव्वद पानं झालीत. पहिली तीस झरझर झाली, पुढच्या साठ पानांनी घाम काढला. एका मित्राने वाचून ‘भुताची गोष्ट वाटते’ म्हटलं, दुसऱ्याने ‘हे का घडतंय ते सांग, नाहीतर पटत नाही’. म्हणून तुम्ही विचारताय की परत येण्याचं कारण द्यावं का, आणि द्यायचं तर शास्त्रीय द्यावं की दैवी.

मी नौपाड्यात राहते आणि बावीस वर्षं कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचते, दुरुस्त करते, काही परत पाठवते. गेलेलं माणूस परत येण्याच्या कथा २०२१ नंतर माझ्याकडे जास्त यायला लागल्या. का, ते सांगायला नको. त्या वर्षी कितीतरी जणांना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. अशी सात-आठ हस्तलिखितं तरी मी वाचली असतील, आणि बहुतेक सगळी तुमच्याच जागी, म्हणजे तिसाव्या-चाळिसाव्या पानावर बसली. कारण दिलेलीही बसली आणि न दिलेलीही. तेव्हा अडचण कारणात नाही, असं मी आधीच सांगून टाकते.

अडचण अशी की तुम्ही भेट आधीच खर्च करून टाकलीत. दार उघडलं, आई दिसली, मिठी, रडारड. वाचकाला जे हवं होतं ते तिसाव्या पानावर मिळालं. पुढे साठ पानं तुमची माणसं तेच पुन्हा पुन्हा करतायत, फक्त खोल्या बदलून. आई परत येणं हा गोष्टीचा कळस धरलात तर उतरण लगेच सुरू होते. तो गोष्टीचा पाया धरा. मग प्रश्न येतो तो असा, की बारा वर्षांत आईची जागा कशाकशाने भरून निघाली? माणूस गेलं की पोकळी राहते असं आपण म्हणतो, पण पोकळी फार दिवस पोकळ राहत नाही. तिथे कपाट येतं, सून येते, कुणाची तरी नवी सवय येते.

तुमचा परतण्याचा प्रसंग बघा. वीज कडाडते, दिवे जातात, बेल वाजते (दिवे गेल्यावर बेल कशी वाजली हे तेवढं बघा), दारात भिजलेली आई. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आता ठाण्यात खरं काय होईल? ज्या तीन मजली इमारतीत आई वारली ती रीडेव्हलपमेंटला गेलेली असणार. त्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर. आई येते ती आपल्या पत्त्यावर, आणि पत्ताच नाही. गेटवर वॉचमन रजिस्टर पुढे करतो. ‘किसके यहाँ जाना है? फ्लॅट नंबर?’ तिला नंबर माहीत नाही. ती मुलाचं पूर्ण नाव सांगते, जुन्या बिल्डिंगचं नाव सांगते. वॉचमन इंटरकॉम लावतो आणि वर सून फोन उचलते. ‘मॅडम, एक आजी आयी है. बोलती है आपकी सास है.’

आता सुनेचं तोंड लिहा. रजिस्टरमध्ये ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात आई काय लिहील तेही लिहा. विजेची गरज लागणार नाही.

दुसरं एक दृश्य मी एका लेखिकेला सुचवलं होतं, ते तिने वापरलं नाही, म्हणून तुम्हाला देते. परतलेली सासू दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठते आणि चहा टाकायला ओट्याशी जाते. हात सवयीने डाव्या फळीकडे जातो, चहाच्या डब्यावर. डबा तोच आहे, पितळी, झाकणाला पोचा. आत छोले मसाल्याची पाकिटं. चहा आता उजवीकडे, गॅसच्या वर, काचेच्या बरणीत. सून दारात उभी राहून हे बघते. तिने बारा वर्षांपूर्वी, सासूच्या तेराव्यानंतर पंधरा दिवसांत डबे हलवले होते, कारण तिचा हात डावीकडे पुरत नव्हता. तेव्हा तिला अपराधी वाटलं होतं आणि मोकळंही वाटलं होतं. हे दोन्ही कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आता ती म्हणते, ‘आई, तुम्ही बसा, मी करते.’ या वाक्यात ‘माझं स्वयंपाकघर’ हे शब्द कुठेच नाहीत, पण ऐकू येतात. अशा चार जागा तुमच्या घरात शोधा, साठ पानं आपोआप हलतील.

आता भुताचं. मित्राचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. मराठी वाचक मेलेलं माणूस दिसलं की आधी त्याचे पाय बघतो, सरळ आहेत की उलटे. लहानपणापासूनची सवय आहे ती, कितीही शिकलेला असला तरी. तुम्ही या शंकेकडे दुर्लक्ष केलंत तर वाचक नव्वद पानं पाय शोधत बसेल. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत एखाद्या पात्राला तिच्या पायांकडे बघू द्या. धाकट्या जावेला, शेजारच्या काकूंना, कुणालाही. पाय सरळ आहेत, टाचांना तशाच भेगा आहेत, अंगठ्याच्या शेजारच्या बोटात जोडवं नाही, कारण जाताना काढून घेतलं होतं. जोडव्याचा वळ मात्र आहे. संपलं, भूतकथा तिथेच मिटली.

वाचक हसतील अशी भीती वाटते म्हणता. संशयी माणूस गोष्टीच्या आतच बसवायचा, ही युक्ती फार जुनी आहे. महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात तुमचीच गोष्ट आहे. युद्धाला सोळा वर्षं झालीत, धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात आहेत, पांडव भेटायला आलेत. सोळा वर्षांनंतरही कुणाचं दुःख सरलेलं नाही. व्यास भागीरथीच्या पाण्यात उतरून हाक मारतात आणि मेलेले सगळे वीर पाण्यातून वर येतात. कर्ण, दुर्योधन, अभिमन्यू, द्रौपदीचे मुलगे. वैर गळालेलं, राग गेलेला. एक रात्र सगळे एकत्र असतात. ही कथा ऐकणारा जनमेजय मध्येच विचारतो की ज्यांचे देह नष्ट झाले ते त्याच रूपात परत कसे येतील? माझे वडील तसेच दाखवा, मग मानतो. आणि त्याला परीक्षित दाखवला जातो. तुमच्या मित्राची शंका व्यासांच्या श्रोत्याने आधीच घेऊन ठेवली आहे. तेव्हा घरात एक जनमेजय ठेवा. तो जावई असला तर उत्तम, त्याला सासूच्या येण्यात भावनेचा फारसा वाटा नसतो.

त्या कथेत आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाच्या जवळची. व्यासांनी मुदत घातली, एका रात्रीची. कारण विचारलं तर तपाचं बळ एवढंच उत्तर, पण मुदत पक्की. वाचक कारणावाचून चालवून घेतो, नियमावाचून नाही. म्हणून ‘का’ सोडा, ‘कसं’ ठरवा. आई ज्या वयात गेली त्याच वयाची आहे का? तिला भूक लागते का, पाळीव कुत्रं तिच्यावर भुंकतं का? जातानाचा शेवटचा दिवस, आयसीयू वगैरे, आठवतो का? ती आता पुढे म्हातारी होणार का? पुन्हा मरू शकते का? हे सगळं कादंबरीत सांगायचं नाही. वेगळ्या वहीत एका पानावर लिहून ठेवायचं आणि त्याच्याशी बेइमानी करायची नाही. माझ्याकडच्या एका हस्तलिखितात परतलेला नवरा चाळिसाव्या पानावर जेवत नव्हता आणि शंभराव्या पानावर वडापाव खात होता. लेखकाला विचारलं तर म्हणाला, ‘प्रसंगाला ते बरं वाटलं.’ तिथे कादंबरी मेली, आणि ती काही परत आली नाही.

वयाचा मुद्दा नुसता नियम म्हणून सोडू नका, त्यात सोनं आहे. आई ५४व्या वर्षी गेली असं तुमच्या पानांवर आहे. बाबा तिच्याहून चार वर्षांनी मोठे, म्हणजे आज सत्तरीचे. कवळी आली, बायपास झाली, दुपारी झोप लागते. तिच्या समोर आता नवरा म्हणून जो माणूस उभा आहे तो तिच्या आठवणीतल्या सासऱ्यांसारखा दिसतो. आणि थोरली मुलगी तेव्हा तिशीची, आज बेचाळीस. बारा वर्षांनी तिचं आणि आईचं वय एकच होईल, आई तशीच राहणार असेल तर. मुलगी हे गणित मनातल्या मनात करते की नाही? मी असते तर पहिल्या तासात केलं असतं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत, तिथे मी ठाम बोलणार नाही. एकच माणूस परत आलं तर ती कुटुंबाची कादंबरी होते. शेकडो आली तर शहराची. दोन्ही जमतात, पण तुम्ही एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवलाय. शेकडो येणार असतील तर कचेऱ्या आल्याच. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती झाली, दाखला मिळाला, त्यावर विम्याचे पैसे मिळाले, रेशनकार्डातून नाव कमी झालं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट दुसऱ्याच्या नावावर चढलं. आता आई महापालिकेच्या खिडकीशी उभी राहून म्हणते, ‘मी आहे.’ हा विनोद वाटेल, पण उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातले लाल बिहारी १९७५ मध्ये कागदोपत्री मृत ठरले, जमिनीसाठी नातेवाइकांनीच तो कारभार केला होता, आणि जिवंत ठरायला त्यांना १९९४ उजाडलं. त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं आणि अशाच कागदावर मेलेल्यांचा मृतक संघ काढला. जिवंत माणसाचे हे हाल, तर तुमच्या आईचं काय होईल? फक्त हे एक-दोन प्रकरणांपुरतं ठेवा. कचेरीचा विनोद पन्नास पानांवर शिळा होतो.

शेकडो येणार असतील तर कचेरीपेक्षा मोठा एक प्रश्न आहे आणि तो तुमच्या नव्वद पानांत नाही याचं मला आश्चर्य वाटलं. ज्यांचं कुणी आलं नाही त्यांचं काय? तुमच्या कुटुंबाच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कुणी राहत असेल ना? समजा तिथे एक बाई आहे, तिचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी कळवा-ठाण्याच्या मध्ये लोकलमधून पडून गेला. समोर आई आली. तिसऱ्या मजल्यावर कुणाचे आजोबा आले, नव्वदीत गेलेले, ज्यांची कुणी वाट बघत नव्हतं. तिचा मुलगा येत नाही. पहिल्या आठवड्यात ती दाराला आतून कडी लावत नाही. दुसऱ्या आठवड्यात रात्रीही दार लोटलेलंच असतं. रात्री एकच्या शेवटच्या लोकलनंतर पंधरा-वीस मिनिटं तिच्या स्वयंपाकघरातला दिवा चालू असतो, मग बंद होतो. तुमची आई हे पीपहोलमधून बघते. आणि एक दिवस वाटी घेऊन तिच्याकडे जाते. दोघी काय बोलतील? ‘तिकडे तो भेटला का हो?’ हा प्रश्न ती बाई विचारणारच. त्याचं उत्तर तुम्ही वहीतल्या त्या पानावर आधी लिहिलेलं असलं पाहिजे. खरं सांगू, मला ही बाई तुमच्या नायकापेक्षा महत्त्वाची वाटते.

ओळख पटवण्याचा भागही तुम्ही फार चटकन उरकलात. सगळ्यांनी आईला पहिल्या क्षणी आई मानलं. आपल्या इतिहासात याचा फार वेगळा अनुभव आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ला सदाशिवरावभाऊ पडले. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये कोकणात त्याच्यामागे बंड करण्याइतकी माणसं जमली. शेवटी पुण्यात त्याला देहदंड झाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी भाऊ गेले हेच मानलं नव्हतं, त्या शेवटपर्यंत सवाशिणीसारख्या राहिल्या असं सांगतात. म्हणजे एक बाई परत येण्याची वाट बघत आयुष्य काढते, आणि आलेला माणूस मात्र तोतया ठरतो. लोकांना तो खरा हवा होता म्हणून तो इतकी वर्षं चालला. तुमच्या घरातही असं एक माणूस हवं ज्याला ही आई नाही असं वाटतं, आणि एक असं, ज्याला ही आई नाही हे कळलं तरी चालेल.

धर्मशास्त्राने तर याचा विधीच सांगून ठेवलाय. परगावी गेलेला माणूस मेला असं समजून पळसाच्या पानांचा पुतळा जाळला, अंत्येष्टी उरकली, आणि तो परत आला तर? त्याला तुपात बुडवून, न्हाऊ घालून जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे, आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. म्हणजे परतलेल्या माणसाला जुनी जागा आपसूक मिळत नाही, पुन्हा जन्मावं लागतं. तुमचे बाबा आणि आई एका खोलीत झोपणार आहेत का, हे तुम्ही टाळलंत. टाळू नका. बाबांच्या आयुष्यात दुसरी कुणी नसली तरी बारा वर्षं पलंगाच्या मधोमध झोपायची सवय आहे.

एक वाट मात्र धरू नका. शेवटी आई मेलीच नव्हती, बेपत्ता होती, असं काढून सुटका करून घेऊ नका. २६ जुलै २००५च्या पावसात वाहून गेलेला कुणी परत येतो, ही स्वतंत्र कादंबरी आहे आणि चांगली होईल. पण तुमच्या पानांवर आईला जवाहरबागेत अग्नी दिलाय, मुलाने अस्थी रामकुंडावर सोडल्यात. वाचकाने ते पाहिलंय. (अस्थी नाशिकला सोडल्या असतील तर ठाण्याचे सगळे मेलेले सकाळी नाशिकहून येणाऱ्या गाडीतून उतरतील, हे माझ्या मनात आलं आणि जात नाही. हवं तर घ्या.)

शेवट कसा करावा, ती परत जाते की राहते, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. ते मी सांगू शकत नाही, ते तुमच्या वहीतल्या मुदतीवर आहे. एवढंच म्हणेन की ती जाणार असेल तर कधी जाणार हे घरातल्या एका तरी माणसाला आधी कळू द्या, आणि त्याने ते कुणाला सांगू नये.

आता तुमची मधली साठ पानं. ती दुरुस्त करत बसू नका, बाजूला ठेवा. त्याऐवजी एक प्रसंग लिहा, जो तुमच्या कादंबरीत कुठेच नाही. आईचा दहावा.

माझ्या काकांच्या दहाव्याला मी घाटाच्या पायऱ्यांवर मागे उभी होते. पिंड ठेवला, कावळे समोरच्या पिंपळावर बसलेले, एकही खाली येईना. दहा मिनिटं गेली, वीस गेली. भटजी म्हणाले, काही राहिलं असेल मनात, बोला. काकूंकडे बघू म्हणून झालं, धाकटीचं लग्न करून देऊ म्हणून झालं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, ‘दादा, घर विकणार नाही.’ आणि कावळा आला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, कुणीतरी डोळे पुसले. चार वर्षांत ते घर बिल्डरकडे गेलं. भावाचा दोष नाही, गळकं होतं, भावंडं चार, दुसरा इलाज नव्हता. पण आजही तो त्या रस्त्याने जात नाही, पुढून वळसा घालून जातो.

काका परत आले तर काय विचारतील, हे मला माहीत आहे. भावालाही माहीत आहे. तुमच्या कुटुंबाने आईला काय शब्द दिला होता? कुणी दिला? बारा वर्षांत त्याचं काय झालं? आईला तो ऐकू गेला होता का? हे एकदा ठरलं की दारात उभी राहिलेली आई नुसती आठवण राहत नाही, ती काहीतरी मागायला आलेली बाई होते, आणि घरातल्या प्रत्येकाला तिच्याशी वागायला एक कारण मिळतं. तुमच्या मित्राला हवं असलेलं ‘का’सुद्धा कदाचित तिथेच सापडेल, न सांगता.

तेव्हा तो प्रसंग आधी लिहा. घाट कुठला, पाऊस होता की ऊन, कोण कुठे उभं होतं, आणि कावळा किती वेळाने आला.